चिंधी बांधलेलं कुलूप

दाराला कुलूप दिसलं की बाई आधी ते तळहातावर घेत. बाजारात वांगं पारखावं तसं उलटंपालटं करून बघत, त्यावरून अंगठा फिरवत आणि मग अंगठ्याकडे बघत. एवढं झालं की निकाल. "बंद हाय, रिकामं नाय." किंवा, "गेली ही माणसं. आता येत नायत." आम्ही मागे फॉर्मची पॅडं घेऊन उन्हात उभे. कुलपाशी एवढं काय बोलायचं असतं, असं मला वाटे. त्या वेळी मला बऱ्याच गोष्टींबद्दल असं वाटत असे.

तुमच्याही दारी कधीतरी अशी एखादी बाई येऊन गेली असेल. खांद्याला कापडी पिशवी, बारा महिने छत्री, आणि घरात माणसं किती, पाणी कुठून आणता, असले प्रश्न. आपण दारातच उभे राहून घाईघाईत उत्तरं देतो आणि दार लावून घेतो. आमच्या बाईंना मात्र दारातून कुणी वाटेला लावल्याचं मला आठवत नाही. त्या पुढच्या दाराने जातच नसत. मागे जात, जिथे भांडी घासत असतील तिथे, आणि उकिडव्या बसून बोलायला लागत.

त्या काळी मी शहरातल्या एका छोट्या संशोधन संस्थेत नुकताच लागलो होतो. सरकारी योजना कुणापर्यंत पोचतात, कुणापर्यंत पोचत नाहीत आणि का, हे शोधायचं आमचं काम. भाड्याच्या बंगल्यातलं ऑफिस. आतल्या खोलीत एकुलता एक संगणक, त्याच्यावर फुलाफुलांचं कापड, आणि खोलीत जाताना चपला बाहेर. त्या संगणकाचा पुजारी मी. गावोगावचे फॉर्म माझ्या टेबलावर येत, मी त्यांची छाननी करी आणि आकडे आत भरी. एमए पहिल्या वर्गात झालेलं असल्यामुळे सगळं जग रकान्यांत बसतं, अशी माझी पक्की समजूत होती.

बाई आमच्या जुन्या पाहणीवाल्या, त्यांचे फॉर्म बसत नसत. रकान्यात एक उत्तर आणि समासात बारीक अक्षरात चार ओळी. 'नळ आहे पण सासू भरू देत नाही.' 'शाळेत नाव आहे, मुलगी जात नाही, पायात चप्पल नाही.' मी वैतागून म्हणायचो, "बाई, माझ्या संगणकाला समास नाहीये."

"मग त्याला सांगा भाऊ, थोडा सरकून बस म्हणावं," बाई म्हणत आणि शांतपणे डबा उघडत.

एकदा संचालकांनी मलाच त्यांच्याबरोबर पाठवलं. मुकुंदवाडीत, स्टेशनच्या मागच्या गल्लीत. बाई स्वतः तिथेच दोन खोल्यांत एकट्या राहत, त्यामुळे गल्ली ओळखीची. एका घरातल्या मालकाने पायरीवर बसून सांगितलं, "पाच माणसं."

"अजून कोण?" बाईंनी विचारलं.

"अजून कोन नाय. पाच म्हनलं ना."

बाईंनी मान डोलावली, फॉर्म मिटला, मागच्या बाजूला गेल्या आणि भांडी घासणाऱ्या सुनेला विचारलं, "ताटं किती घासतीस गं?" सून म्हणाली, "सात." मालकाची विधवा बहीण आणि तिची मुलगी आत बसून शेंगा फोडत होत्या. मालक चिडून म्हणाला, "ती परत आल्याली हाय हो. तिला कशाला लिहिता?"

"जेवती ना इथंच? मग लिहावं लागतं," बाई म्हणाल्या. ती बहीण दाराआडून बघत होती. बाईंनी तिचं नाव तिलाच विचारलं. ते सांगताना तिने पदर सारखा केला, एवढं माझ्या लक्षात राहिलं आहे.

ह्या 'अजून कोण?'ची गोष्ट त्यांनी परतताना सांगितली. पैठणच्या अलीकडचं गाव. बाई सहा-सात वर्षांच्या असताना शाळेचे मास्तर पोरांची नावं लिहायला घरोघर आले. बापाने सांगितलं, "दोन पोरं." मास्तर उठले, वहाणा घातल्या, आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, वळून म्हणाले, "अजून कोण?" तेव्हा दारामागून आई बोलली, "एक पोरगी बी हाय." जन्मात परक्या माणसापुढे न बोललेली आई. "त्या एका प्रश्नानं मी शाळेत गेले बघा भाऊ," बाई म्हणाल्या, "आन् तुम्ही म्हणता, येळ जातो."

मी ऐकून घेतलं. पण सुधारलो नाही. माझी खोड जायला आणखी एक फजिती व्हायची होती.

कन्नड तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांना नळाचं पाणी द्यायचं ठरलं. आधी कुठे द्यायचं, ते आमच्या पाहणीवरून ठरणार होतं. नियम सरळ होता. राहत्या घरांची संख्या ठरलेल्या आकड्याच्या वर असेल तर वस्ती यादीत, नाहीतर बाहेर. फॉर्म मीच बनवला होता. एक रकाना वाचवावा म्हणून 'बंद' आणि 'रिकामं' ह्यांना मी एकच आकडा दिला होता. तीन. ह्या काटकसरीबद्दल संचालकांनी माझी पाठही थोपटली होती.

माघात फॉर्म आले. देवगाव रंगारीपासून दोन कोस आत, मेंढरं राखणाऱ्यांची एक वस्ती होती. तिचा गठ्ठा उघडला तर तीन, तीन, तीन. आमच्या दुसऱ्या पाहणीवाल्याने सांगितलं होतं तसंच भरलं होतं, त्याचा काही दोष नाही. मी वस्तीच्या नावावर काट मारली आणि चहाला गेलो.

परत आलो तर बाई माझ्या टेबलाशी उभ्या. "ही वस्ती कुटं गेली?"

"नियमात बसत नाही. सगळी घरं रिकामी आहेत."

"कुलपं बघितली का कुणी?"

मी हसलो. आज लाज वाटते, पण हसलो खरा. बाईंनी गठ्ठा उचलून माझ्यापुढे ठेवला. "उद्या सकाळच्या एसटीला या," म्हणाल्या. मी त्यांचा वरिष्ठ होतो. तरी गेलो.

देवगावला उतरून पायी निघालो. उन्हं चढली होती. वस्तीत माणूस दिसेना, कुत्रं नाही, धूर नाही. मी मनात म्हटलं, रिकामीच तर आहे. बाईंनी पहिल्या दाराचं कुलूप हातात घेतलं आणि मला बोलावलं. कुलपाला चिंधी गुंडाळलेली होती, गच्च, वरून सुतळीने बांधलेली. बाईंनी माझा अंगठा धरून तिच्यावर टेकवला. अंगठा तेलकट झाला. दुसऱ्या दाराला तसंच, तिसऱ्या दाराला तसंच. साऱ्या वस्तीच्या कुलपांना तेलात भिजवलेल्या चिंध्या बांधलेल्या होत्या. एकाच घराचं कुलूप बिनचिंधीचं, गंजून लाल झालेलं होतं.

"ही एवढी माणसं गेली," बाई त्या दाराकडे बोट दाखवून म्हणाल्या. "बाकीची येणार हायत. परत यायचं नसलं तर कुलपाला तेल कोण घालतं भाऊ?"

इतक्यात एका घरामागून लंगडत एक बाई आली. तिचं नाव ठकूबाई. पायाने अधू असल्यामुळे ती कळपाबरोबर जात नसे, मागे राहून वस्ती राखी. कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा, आणि प्रत्येक किल्लीला लोकरीचा धागा. कुठे काळा, कुठे पांढरा, कुठे दोन गाठी, कुठे तीन. तिला अक्षर येत नव्हतं. ही तिची वही.

तिने पाणी दिलं. मी तांब्या रिकामा केला आणि आणखी मागितला. तिने तोही दिला. मग बाईंनी विचारलं, पाणी कुठून आणता, तेव्हा ठकूबाईने टेकडीपलीकडच्या एका शेतातली विहीर दाखवली. त्या पायाने ती दिवसातून दोनदा जाई. तिच्या अर्ध्या खेपेचं पाणी मी उभ्या उभ्या पिऊन टाकलं होतं.

तिने एक घर उघडून दाखवलं. सारवलेली जमीन, पालथी घातलेली भांडी, भिंतीला उभी बाज, आढ्याला गुंडाळून बांधलेला पाळणा. "आखाडात येत्यात समदी," ठकूबाई म्हणाली.

"तोवर का थांबत नाहीत इथंच?" मी विचारलं. पहिल्या वर्गातला प्रश्न.

"काय पिऊन थांबावं? पानी न्हाई म्हनून जात्यात. आन् तुमी म्हंता, गेले म्हनून पानी देत न्हाई." तिला हसू आलं. "मंग कवा द्यायचं?"

आमच्या संस्थेच्या कपाटात ह्या विषयावरचे जाडजूड अहवाल होते, त्यांतले निम्मे मी वाचलेले होते. कशातही हे इतकं स्वच्छ लिहिलेलं नव्हतं. परतताना एसटीत मी बाईंना म्हटलं, "चूक माझी आहे. रकाना मी वाचवला." बाई म्हणाल्या, "मग आता सांगा तसं. तिथं, सगळ्यांच्या म्होरं."

यादी कायम करायची बैठक दोन आठवड्यांवर आली होती. संचालक म्हणाले, "तेलकट अंगठा हा पुरावा होत नाही. घरागणिक भरलेले फॉर्म आणा." घरं इथे आणि माणसं तिथे, पैठणच्या बाजूला, कालव्याखालच्या रानांत खतासाठी मेंढ्या बसवत हिंडणारी. बाईंनी रजा टाकली, पिशवीत कोरे फॉर्म भरले आणि गेल्या. त्या रानोरान कशा फिरल्या, कुठे जेवल्या, हे त्यांनी कधी धड सांगितलं नाही. "मेंढरांचा वास लई लांबून येतो भाऊ," एवढंच म्हणत.

बैठकीच्या सकाळी ठकूबाईला आणायला मी गेलो. बाई थेट पैठणहून येणार होत्या. यादीवर सही करणाऱ्या सरकारी साहेबांच्या कचेरीच्या दारात दोघींची गाठ पडली, बाईंचे पाय पोटरीपर्यंत धुळीने भरलेले, हातात फॉर्मचा गठ्ठा. बोलायला सवड झालीच नाही, आतून बोलावणं आलं. शिपाई ठकूबाईला अडवून म्हणाला, "ह्यांना बाहेर बसवा." बाई म्हणाल्या, "पुरावा यांच्या कमरेला हाय," आणि तिचा हात धरून आत शिरल्या.

आधी मी बोललो. दोन वेगळ्या गोष्टींना मी एकच आकडा दिला, त्यामुळे एक जिवंत वस्ती कागदावर मेली, असं सांगितलं. माझे कान तापले होते. संचालक टेबलाकडे बघत होते. मग बाईंनी फॉर्म पुढे ठेवले आणि ठकूबाईने जुडगा काढून त्यांच्यावर ठेवला. खण्ण आवाज झाला.

साहेब तसे कडक, पण ऐकून घेणारे. म्हणाले, "बाई, फॉर्म तुम्हीच भरणार आणि खरे आहेत असंही तुम्हीच सांगणार. मी खात्री कशी करू?"

"किल्ली उचला साहेब," बाई म्हणाल्या.

साहेबांनी एक उचलली. काळी लोकर, एक गाठ. ठकूबाईने घरच्या माणसांची नावं घडाघडा सांगितली. साहेबांनी फॉर्म शोधला. जुळलं. दुसरी उचलली, जुळलं. तिसरी, पांढरी लोकर, दोन गाठी.

"मंजुळाचं घर," ठकूबाई म्हणाली. "ती, तिचा नवरा, सासू, दोन लेकरं. पाच."

साहेबांनी फॉर्म बघितला आणि चष्मा काढला. "इथं सहा लिहिलेत."

दोन आठवड्यांची वणवण एका माणसाने बुडणार, असं मला दिसायला लागलं. ठकूबाई ठामपणे म्हणाली, "न्हाई साहेब, पाचच. मी काय वळखत न्हाई व्हय?" साहेबांनी बाईंकडे बघितलं. आणि बाई चक्क हसत होत्या.

"ठकूबाई," त्या म्हणाल्या, "अजून कोण?"

ठकूबाईने क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. मग तिचा चेहरा उजळला. "अगं बया! मोकळी झाली? कवा?"

"आठ दिवस झाले. उसाच्या रानात, पालातच."

"काय झालं?"

"पोरगी."

ठकूबाईने साहेबांच्या देखत दोन्ही हातांनी बाईंची अलाबला घेतली आणि कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. शिपाईसुद्धा हसला. साहेब बराच वेळ हसत होते. म्हणाले, "म्हणजे तुम्ही दोघी ठरवून आलेल्या नाहीत, हे नक्की झालं." मग त्यांनी जुडगा ओढून घेतला आणि स्वतः किल्ल्या मोजायला लागले. मोठ्याने. आम्ही सगळे त्यांच्या बोटाकडे बघत होतो. ठरलेला आकडा आला, ओलांडला, आणि तरी किल्ल्या उरल्या होत्या. बाईंनी पदराने कपाळ पुसलं. साहेबांनी पेन उघडून माझी काट खोडली आणि वस्तीचं नाव पुन्हा लिहिलं. आयुष्यात मला पुष्कळ शाबासक्या मिळाल्या, पण माझी चूक दुसऱ्याच्या हाताने खोडली जाताना जो आनंद झाला तसा एकीनेही झाला नाही.

त्या दिवसापासून आमच्या फॉर्ममध्ये 'बंद' आणि 'रिकामं' असे दोन रकाने झाले. सगळ्यात खाली मी स्वतः एक ओळ घातली, 'अजून कोण? (उठण्यापूर्वी विचारावे.)' आणि बाजूला रुंद समास ठेवला. तो फॉर्म पुढे आणखी कुणीकुणी नेला, प्रशिक्षणात वापरला. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "सरकला म्हणायचा तुमचा संगणक."

वस्तीत पाणी आलं ते पुढच्या वर्षी. आम्ही दोघं बघायला गेलो. सगळी माणसं आलेली होती, दारं सताड उघडी, नळाभोवती लेकरं, गाडगी, आरडाओरडा. ठकूबाईने तांब्या भरून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "प्या आता लागंल तेवडं." मंजुळाची पोरगी नळाखाली बसून न्हात होती. बाई तिच्याकडे इतका वेळ बघत उभ्या राहिल्या की शेवटची एसटी आमची जवळजवळ चुकलीच.

मग बाई निवृत्त झाल्या. मी भेटायला जात असे, पुढे जाणं कमी झालं. त्या गेल्याची बातमी मला महिन्याने कळली. दवाखान्यात तपासणीला म्हणून गेल्या, त्या परत आल्या नाहीत.

मुकुंदवाडीला गेलो. दाराला कुलूप होतं आणि कुलपाला तेलाची चिंधी. शेजारच्या चाची बाहेर आल्या. "चार दिन में आतूं बोलके गए," म्हणाल्या. "कपड़ा भी खुद बाँधे." किल्ली त्यांच्याचकडे होती. तिला ठकूबाईच्या किल्ल्यांसारखाच लोकरीचा धागा, एक गाठ. मी ती हातात घेऊन नुसता उभा राहिलो. मला फार रडू आलं.

तेवढ्यात गल्लीत घरं मोजत एक शिक्षिका आल्या, हातात टॅब. मला त्या ओळखत नव्हत्या, बाईंना तर नाहीच. दारापाशी आल्या, कुलूप तळहातावर घेतलं आणि चिंधीवरून अंगठा फिरवला.

"कुणी शिकवलं हे?" मी विचारलं.

"ट्रेनिंगला सांगतात की," त्या म्हणाल्या. "माणसं येणारी दिसतात. बंद लिहू ना?"

जन्मात पहिल्यांदा एक फॉर्म चुकीचा भरावा, असं मला मनापासून वाटलं. पण बाईंच्या दारात उभा होतो. "नाही," मी म्हटलं, "रिकामं लिहा."

त्यांनी लिहिलं आणि चाचींच्या दाराकडे वळल्या. मी पाठमोरा झालो. मागून ऐकू येत होतं.

"घरात माणसं किती?"

"चार."

मग शिक्षिकेने विचारलं, "अजून कोण?"

"हाँ, अंदर खटिया पर मेरी सास है ना," चाची म्हणाल्या. "लिखो बेटा, उनको भी लिखो."